पत्ता नाही म्हणून खातं नाही: बर्लिनमधलं एक प्रकरण

हे प्रकरण २०२५च्या हिवाळी सत्रातलं. विद्यार्थिनी सोलापूरची, यांत्रिकी शाखेची पदवीधर, बर्लिनमध्ये मास्टर्सला आलेली. ओळख पटेल असे बारीकसारीक तपशील बदलले आहेत आणि बँकांची नावं मुद्दामच दिलेली नाहीत, कारण जे घडलं ते कुठल्याही बँकेत घडू शकलं असतं. नव्याने आलेल्या मराठी मुलामुलींचे कागद लावून द्यायचं काम इथे आमच्यातले काही जण हौसेने करतात, त्यातून हे माझ्यापर्यंत आलं. तोवर ऑक्टोबर संपत आला होता. तिच्या नावावर जर्मनीत जवळपास बारा हजार युरो पडून होते, आणि खोलीचं भाडं द्यायला ती फॉरेक्स कार्डावरून रोख काढत होती.

हे पैसे कुठले, ते आधी सांगतो. जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा मागताना वर्षभराच्या खर्चाची सोय दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४पासून हा आकडा वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२. बहुतेक जण तो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरतात. भारतात बसूनच एखाद्या कंपनीमार्फत हे खातं उघडता येतं. पैसे एकरकमी जातात आणि जर्मनीत पोहोचल्यावर दरमहा हप्त्याने सुटतात. तिचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्यांनी भविष्य निर्वाह निधीतून उचल घेऊन आणि दोन ठेवी मोडून ही रक्कम उभी केली. युरोचा भाव शंभरच्या आसपास, त्यामुळे आकडा बारा लाखांच्या घरात गेला. लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम, म्हणजे भारतातून परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना, तिच्याखाली, शिक्षणाचं कारण दाखवून पैसे गेले. एप्रिल २०२५पासून टीसीएसची, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक जो कर घेते त्याची, मर्यादा ७ लाखांवरून १० लाखांवर गेली आहे, त्यामुळे फक्त वरच्या भागावर ५ टक्के कापले गेले. ते वडिलांच्या पॅनवर जमा दिसतात आणि विवरणपत्रात वळते करून घेता येतात. बँकेचं किंवा मान्यताप्राप्त वित्तसंस्थेचं शैक्षणिक कर्ज असतं, तर तेवढेही कापले गेले नसते. इथपर्यंत सगळं सुरळीत झालं. लोक घाबरतात ते याच टप्प्याला, आणि खरं तर हा टप्पा सोपा असतो.

अडचण जर्मनीत उतरल्यावर सुरू झाली. ब्लॉक्ड अकाउंटमधून भाडं भरता येत नाही, कार्ड मिळत नाही, विम्याचा हप्ता वळता होत नाही. त्यातला मासिक हप्ता फक्त तिच्याच नावाच्या दुसऱ्या, रोजच्या व्यवहाराच्या खात्यात पडतो. त्याला इथे झिरोकोंटो म्हणतात. ते उघडायला गेलं की पहिला प्रश्न येतो: आन्मेल्डुंग झालं का?

आन्मेल्डुंग म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारदरबारी नोंद. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करावी, असा कायदा आहे. बर्लिनमध्ये शहरातल्या कुठल्याही नागरिक कार्यालयात ती होते, पण भेटीची वेळ, म्हणजे टर्मिन, मिळवणं हीच परीक्षा. आणि टर्मिन मिळालं तरी हातात घरमालकाचा सही केलेला दाखला लागतो: अमुक माणूस अमुक तारखेपासून माझ्याकडे राहतो. नोव्हेंबर २०१५पासून हा दाखला सक्तीचा आहे. भाडेकरार दाखवून भागत नाही.

तिच्याकडे हा दाखला नव्हता आणि मिळणारही नव्हता. तिने सोलापुरातून, व्हॉट्सॲपवरच्या एका ग्रुपमधून, नॉइकोल्न भागातली एक खोली महिनाभरासाठी घेतली होती. मूळ भाडेकरू सुट्टीवर गेलेला, त्याने ती परस्पर दिलेली. स्वतःच्या घरमालकाला त्याने विचारलेलं नव्हतं, म्हणून दाखल्यावर सही करायला तयार नव्हता. जाहिरातीत तसं लिहिलंही होतं, एका ओळीत, भाड्याच्या आकड्याखाली: आन्मेल्डुंग शक्य नाही. भारतातून ती ओळ वाचताना तिचं वजन कोणाच्या लक्षात येणार? भाडं कमी होतं, विद्यापीठ जवळ होतं.

इथे प्रकरणाची गाठ नीट दिसते. पत्त्याची नोंद नाही म्हणून बँक खातं उघडेना. खातं नाही म्हणून ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे सुटेनात. पैसे हातात नाहीत म्हणून दाखला देणाऱ्या घराची अनामत भरता येईना. अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत मागता येते, आणि घरमालकाला ती बँकेतूनच हवी असते. शिवाय आरोग्य विम्याचे हप्ते साचत होते. विद्यापीठात नाव नोंदवायचं तर विमा लागतोच, तो तिने घेतला होता. कंपनी दरमहा खात्यातून पैसे ओढून घेणार होती, पण खातंच नव्हतं, म्हणून सूचनापत्रं येत होती. तीही तिला मिळत नव्हती. त्याचं कारण पुढे येतं.

पहिला प्रयत्न: मोबाईलवरची बँक

सगळे सांगतात तसं तिने आधी ऑनलाइन बँक धरली. ॲपमध्ये माहिती भरली आणि ओळख पटवण्यासाठी व्हिडिओ कॉल लागला. पलीकडच्या माणसाने पासपोर्ट कॅमेऱ्यासमोर धरायला लावला आणि हा पासपोर्ट या पद्धतीत चालत नाही, असं सांगून कॉल संपवला. भारतीय पासपोर्टधारकांना हा अनुभव नवा नाही. व्हिडिओवरून ओळख पटवताना कागदाची काही सुरक्षाचिन्हं कॅमेऱ्यात दिसावी लागतात, आणि कुठल्या देशाचा पासपोर्ट त्या पद्धतीत घ्यायचा याची प्रत्येक बँकेची आपली यादी असते. याचा अर्थ पासपोर्टात खोट आहे असा नाही, आणि खातं मिळणार नाही असाही नाही. दुसरी वाट पोस्टातून जाते: बँक एक कूपन देते, ते आणि पासपोर्ट घेऊन पोस्टाच्या खिडकीवर जायचं, तिथला कर्मचारी पासपोर्ट प्रत्यक्ष पाहतो आणि बँकेला कळवतो. तिने ते केलं. काम दहा मिनिटांत झालं. खात्याचा नंबरही आला.

मग कार्ड आणि पिन यांची पाकिटं निघाली, वेगवेगळ्या दिवशी, साध्या टपालाने. ती परत गेली. जर्मनीत बहुतेक इमारतींच्या पत्त्यात सदनिकेचा क्रमांकच नसतो. पोस्टमन खालच्या पेट्यांवरची आडनावं वाचून पत्रं टाकतो. नॉइकोल्नच्या त्या पेटीवर मूळ भाडेकरूचं आडनाव होतं, तिचं नव्हतं. ‘प्राप्तकर्ता अज्ञात’ असा शेरा मारून पाकिटं बँकेकडे गेली, बँकेने पत्त्याची खातरजमा होत नाही म्हणून खातं थांबवलं, मग बंद केलं. विम्याच्या सूचनापत्रांचंही हेच झालं होतं. चिकटपट्टी आणि कागदाचा एक तुकडा एवढ्यावर हे टळलं असतं. पण पेटीवर आपलं नाव लावायचं हे कोणी सांगितल्याशिवाय सुचत नाही, कारण आपल्याकडे पोस्टमन घर ओळखतो, निदान वॉचमन तरी ओळखतो.

दुसरा प्रयत्न: शाखा

मग ती पायी जाता येईल अशा एका बँकेच्या शाखेत गेली. काउंटरवरच्या बाई सौजन्याने बोलल्या. पासपोर्ट पाहिला, व्हिसा पाहिला आणि तीन गोष्टी सांगितल्या. आन्मेल्डुंगशिवाय खातं उघडता येत नाही. व्हिसा काही महिन्यांचाच आहे, निवास परवान्याचं प्लास्टिकचं कार्ड आणा. कर क्रमांक लागेल. ती आभार मानून बाहेर पडली.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त वेळ द्यावासा वाटतो तो या तीन वाक्यांवर. बाई खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या बँकेच्या नेहमीच्या विद्यार्थी खात्याला या गोष्टी लागत असणार. पण त्या बोलल्या कायदा सांगावा तसं, आणि ऐकणारीने ते कायदा म्हणूनच ऐकलं. एकेक वाक्य तपासून पाहू.

कर क्रमांक हा अकरा आकडी असतो. आन्मेल्डुंग झालं की केंद्रीय कर कार्यालय तो आपणहून टपालाने पाठवतं, त्याला काही आठवडे लागतात. बँकेला तो नोंदवावा लागतो हे खरं. पण खातं उघडायच्या दिवशीच तो हातात हवा असं जर्मन कर कायदा म्हणत नाही. खातेदाराने दिला नाही, तर तीन महिन्यांच्या आत बँकेनेच तो त्या कार्यालयाकडे विचारायचा असतो. खातं उघडताना एक स्वयंघोषणा मात्र द्यावी लागते: मी कुठल्या देशात करदाता आहे आणि तिथला माझा क्रमांक काय. भारताच्या रकान्यात पॅन जातो. देशोदेशीची कर खाती खात्यांची माहिती एकमेकांना देतात, त्या व्यवस्थेचा हा भाग आहे. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

व्हिसाचं म्हणाल तर पासपोर्टवर चिकटवलेला राष्ट्रीय व्हिसा हाच त्या काळातला कायदेशीर वास्तव्याचा पुरावा. प्लास्टिकचं कार्ड नंतर परदेशी नागरिक कार्यालयाकडून मिळतं, आणि त्या कार्यालयाला पुन्हा पत्त्याची नोंद लागतेच. म्हणजे कार्ड आणा म्हणणं हे आन्मेल्डुंग आणा हेच दुसऱ्या शब्दांत सांगणं झालं.

आता मुख्य मुद्दा, पत्ता. युरोपीय संघाने २०१४ साली एक निर्देश काढला: संघात कायदेशीरपणे राहणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला किमान सोयींचं खातं मिळालं पाहिजे. जर्मनीने त्याचा कायदा केला आणि १९ जून २०१६पासून ‘बाझिसकोंटो’चा हक्क लागू झाला. रोख भरणं, काढणं, पैसे पाठवणं, खात्यातून हप्ते वळते होणं, कार्ड, एवढं त्यात येतं. ओव्हरड्राफ्ट येत नाही. ग्राहकांना खाती देणारी कुठलीही बँक ते नाकारू शकत नाही, कायद्यात मोजून दिलेली कारणं सोडून: आधीच दुसरं चालू खातं असणं, त्या बँकेविरुद्ध केलेला गुन्हा, काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धचा (मनी लाँडरिंगविरोधी) कायदा मोडला जाणं, अशी. पतमानांकन वाईट आहे किंवा मुळातच नाही, हे कारण चालत नाही. आणि या प्रकरणात कामाला आलेली ओळ: हा हक्क कायमचं घर नसलेल्यांनाही आहे, असं कायद्यात शब्दशः लिहिलंय. निर्वासित, बेघर, सगळे त्यात येतात.

पण ओळख पटवण्याच्या नियमांत निवासी पत्ता नोंदवावा लागतो ना? लागतो. मात्र मनी लाँडरिंगविरोधी कायद्यातच त्याला अपवाद जोडलेला आहे: ग्राहकाला स्थिर निवास नसेल आणि खातं बाझिसकोंटो असेल, तर जिथे त्याला टपाल मिळू शकतं तो पत्ता पुरतो. नोंदणीचा दाखला नको, घरमालकाची सही नको. ब्लॉक्ड अकाउंट हे ‘आधीचं खातं’ म्हणून आडवं येईल का, अशी शंका तिला होती. येत नाही, कारण त्यातून यातला एकही व्यवहार करता येत नाही. कायद्यात पाहिलं जातं ते खातं प्रत्यक्ष वापरता येतं का, हे.

थोडक्यात, त्या शाखेत तिने मागितलं एक खातं आणि तिला नियम सांगितले गेले त्या खात्याचे. बाझिसकोंटो तिने मागितलं नव्हतं, आणि काउंटरवरून ते कोणी आपणहून पुढे करत नाही. बँकेला त्यात फारसं सुटत नाही, हे उघड आहे. फ्रान्समध्ये गेलेल्या मुलांसाठी सांगायचं तर तिथे हा हक्क १९८४च्या बँकिंग कायद्यापासून आहे. एखाद्या बँकेने नकार दिला की मध्यवर्ती बँक दुसरी बँक नेमून देते. जर्मनीत नेमून देणारं कोणी नाही, स्वतः बँक निवडून तिच्या मागे लागावं लागतं.

तिसरी वाट, जी घेतली नाही

ऑक्टोबरच्या शेवटी खोलीची मुदत संपली आणि ती एका हॉस्टेलवर गेली, सहा खाटांच्या खोलीत. त्याच आठवड्यात ग्रुपवर कोणीतरी तिला ‘पत्ता’ देऊ केला. पैसे घेऊन घरमालकाचा दाखला सही करून मिळणार, राहायला जायची गरज नाही. हा धंदा बर्लिनमध्ये उघड चालतो आणि आपल्यातलेही काही जण त्यात आहेत, हे लिहिताना बरं वाटत नाही. कोणी राहायला येणार नसताना नोंदणीसाठी पत्ता देणं हा गुन्हा आहे, त्याला ५०,००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. घेणाऱ्याचाही पाय त्यात अडकतो. पुढे निवास परवान्याच्या फाइलीत तोच पत्ता जाणार, त्याच पत्त्यावर परदेशी नागरिक कार्यालयाची पत्रं येणार आणि ती मिळणार नाहीत. तिच्या वडिलांनी फोनवर विचारलं, “सगळेच करतात म्हणताय तर बिघडलं काय, सर?” मला त्यांचा राग आला नाही. मुलगी परक्या शहरात हॉस्टेलच्या खाटेवर झोपते आहे, हे ऐकून सोलापुरात बसलेला माणूस दुसरं काय म्हणणार? पण सहा आठवड्यांची अडचण सोडवायला दोन वर्षांचा धोका कशाला, एवढंच मी म्हणालो. त्यांना ते पटलं. निदान ते गप्प बसले.

आणखी एक सुचवणी होती: दुसऱ्या युरोपीय देशातल्या ॲप-बँकेचं खातं, लिथुआनियाचा वगैरे आयबॅन, म्हणजे देशाच्या दोन अक्षरांनी सुरू होणारा खाते क्रमांक, असलेलं. ही वाट बेकायदा नाही, उलट कायदा तिच्या बाजूने आहे. युरोपीय संघाच्या २०१२च्या नियमाप्रमाणे युरोचे व्यवहार स्वीकारणाऱ्याने आयबॅन अमुकच देशाचा हवा, असं म्हणायचं नसतं. प्रत्यक्षात घरमालक आणि कंपन्यांचे पगार विभाग डीईने सुरू होणारा, म्हणजे जर्मनीचा, नंबर नसेल तर अजूनही कुरकुरतात. हॉस्टेलच्या खाटेवरून तो वाद घालायची तिची ताकद नव्हती, म्हणून ती वाट सोडली.

अर्ज

बाझिसकोंटोच्या अर्जाचा नमुना कायद्यालाच जोडलेला आहे. बँकेने तो शाखेत आणि संकेतस्थळावर फुकट उपलब्ध ठेवायचा असतो. आम्ही तो छापला. निवासाच्या जागी तिने खरं लिहिलं: सध्या स्थिर निवास नाही. टपालाचा पत्ता म्हणून वेडिंग भागात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाचा पत्ता दिला, ‘द्वारा’ लिहून, त्यांच्या संमतीने. काकूंनी त्याच दिवशी पेटीवर आपल्या आडनावाखाली तिचं आडनाव चिकटवलं. इथे एक बारकावा आहे. ती तिथे राहत नव्हती, म्हणून तो निवासाचा पत्ता म्हणून लिहायचा नाही. टपालाचा म्हणून लिहायचा. याच फरकाने वरची तिसरी वाट आणि ही वाट वेगळ्या होतात.

सोबत पासपोर्ट, व्हिसाच्या पानाची प्रत, विद्यापीठाचं नावनोंदणी पत्र, ब्लॉक्ड अकाउंटचं प्रमाणपत्र. शेवटची दोन कागदपत्रं कायद्याने लागत नाहीत, पण पैसे कुठून येणार हा प्रश्न बँक विचारणारच, तेव्हा उत्तर आधीच दिलेलं बरं.

शाखा तीच निवडली, आधी गेलेली. मला दुसरीकडे जावं असं वाटत होतं. ती म्हणाली, तिथल्या बाई चांगल्या होत्या. बाईंनी अर्ज पाहिला, आत गेल्या, बऱ्याच वेळाने बाहेर आल्या आणि पुन्हा म्हणाल्या की आन्मेल्डुंग लागेल. तिने तयार ठेवलेलं वाक्य सांगितलं: “हा बाझिसकोंटोचा अर्ज आहे. तो मिळाल्याची पोच मला प्रतीसह द्या. नकार असेल तर कारणांसह लेखी द्या.” एवढंच. आवाज न चढवता. जर्मन फारशी येत नसल्यामुळे तिने ते पाठ करून ठेवलं होतं, आणि मला वाटतं त्याचा उपयोगच झाला. पाठ केलेल्या वाक्याशी वाद घालता येत नाही.

या मागण्या कायद्यात जशाच्या तशा आहेत. अर्ज मिळाल्याची पोच बँकेने प्रतीसह द्यायची. अर्ज पूर्ण असेल तर दहा कामकाजी दिवसांत खात्याचा करार पुढे करायचा. नकार द्यायचा तर तोही दहा कामकाजी दिवसांतच, कारणांसह, आणि त्या पत्रात अर्जदाराने पुढे दाद कुठे मागायची तेही लिहायचं. दाद मागायची ती बाफिनकडे, म्हणजे केंद्रीय वित्तीय नियामकाकडे. नकार चुकीचा ठरला तर बाफिन बँकेला खातं उघडण्याचा आदेश देऊ शकतं. तोंडी नकारात यातलं काहीच हाती लागत नाही. काउंटरवरचं ‘नाही’ कुठे नोंदलं जात नाही, त्यावर दाद मागणं अवघड जातं, आणि म्हणून ते देणं सोपं असतं. कागदावर आलेलं ‘नाही’ बँकेच्या कायदा विभागातून जातं. तिथे बसलेल्या माणसाला हे कलम माहीत असतं.

पोच मिळाली. दुसऱ्या आठवड्यात शाखेतून फोन आला, सही करायला या. बाफिनचा नमुना आम्ही भरून ठेवला होता, तो तसाच राहिला. कार्ड आणि पिन वेडिंगच्या पेटीत पडले, या खेपेला वेगवेगळ्या दिवशी पण नीट.

नावाचा घोळ

खातं उघडलं आणि वाटलं सुटलो. ब्लॉक्ड अकाउंटच्या कंपनीला नवा आयबॅन कळवला, हप्ता सोडण्याची विनंती केली, आणि तो अडकला. कारण: नाव जुळत नाही.

हा घोळ आपल्याकडच्या नावांचा आहे आणि मराठी घरांत तो हमखास निघतो. पासपोर्टात आडनावाचा एक रकाना आणि नावाचा एक. आपण नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव आणि पुढे वडिलांचं नाव लिहितो. जर्मन यंत्रणेच्या लेखी ही मुलीचीच दोन नावं झाली. बँकेने पासपोर्टाप्रमाणे तिन्ही शब्द घेतले. ब्लॉक्ड अकाउंट उघडताना मात्र तिने सोलापुरात बसून फॉर्ममध्ये फक्त स्वतःचं नाव आणि आडनाव टाइप केलं होतं. आपण रोज लिहितो तसं.

काही वर्षांपूर्वी हे खपून गेलं असतं. युरो भागात पैसे आयबॅनवर जात, नावाकडे यंत्र फारसं पाहत नसे. ९ ऑक्टोबर २०२५पासून युरो भागातल्या बँकांना पैसे पाठवण्याआधी नाव आणि आयबॅन यांचा मेळ तपासून पाठवणाऱ्याला कळवणं बंधनकारक झालं आहे. नाव जुळतं, साधारण जुळतं, की जुळत नाही. माणूस पैसे पाठवत असेल तर इशारा वाचूनही पुढे जाऊ शकतो. चूक झाली तर जबाबदारी त्याची. पण एखादी कंपनी अशा इशाऱ्यावर हप्ता रोखून धरते आणि कागद मागते, आणि या बाबतीत तिची काळजी समजण्यासारखी आहे, कारण ब्लॉक्ड अकाउंटमधला पैसा त्याच व्यक्तीलाच गेला पाहिजे. दुरुस्तीसाठी पासपोर्टची प्रत पुन्हा पाठवली, बँकेचं खातेदार असल्याचं पत्र जोडलं, उत्तराची वाट पाहिली, पुन्हा आठवण केली. खातं मिळवण्यापेक्षा याला जास्त दिवस लागले. लग्नानंतर पासपोर्टात नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव घालून घेतलेल्या, पण पदवीच्या कागदांवर माहेरचं नाव असलेल्या मुलींचा गुंता याहून मोठा असतो. त्यांनी भारतातून निघण्याआधीच एकदा सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. फॉर्म कुठलाही असो, नाव पासपोर्टात आहे तसं, सगळे शब्द, त्याच क्रमाने.

डिसेंबरच्या सुरुवातीला पैसे सुटले. साचलेले विम्याचे हप्ते त्यातून गेले, वेडिंगच्या काकूंकडून घेतलेले पैसे परत गेले. फॉरेक्स कार्डावर थोडी शिल्लक होती, ती तिने तशीच ठेवली.

पुढचं थोडक्यात

जानेवारीत विद्यार्थी वसतिगृहाच्या प्रतीक्षायादीतून तिला खोली मिळाली. अनामत बँकेतून भरली, दाखला पहिल्याच दिवशी मिळाला, आन्मेल्डुंग झालं, काही आठवड्यांनी कर क्रमांकाचं पत्र आलं. मग तिला बाझिसकोंटोचं मासिक शुल्क खुपायला लागलं. ही खाती बहुधा विद्यार्थी खात्यांपेक्षा महाग असतात. शुल्क वाजवी असावं असं कायदा म्हणतो, आणि ३० जून २०२० रोजी जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने एका बड्या बँकेचं महिना ८.९९ युरोंचं शुल्क अवाजवी ठरवलं होतं. तरी विद्यार्थी खातं फुकट मिळत असताना शुल्क का भरायचं? तिने दुसऱ्या बँकेत विद्यार्थी खातं मागितलं, आता सगळे कागद होते, ते सहज मिळालं. खातं बदलताना नव्या बँकेने जुन्याकडून नियमित हप्त्यांची यादी मागवून ते वळवून द्यायचे असतात, हीही कायद्याने दिलेली सोय आहे. विम्याचा हप्ता तसाच वळला. ब्लॉक्ड अकाउंटच्या कंपनीला मात्र नवा आयबॅन स्वतःच कळवावा लागला, या खेपेला नाव तिन्ही शब्दांसह.

भारतातलं एक काम मागे राहिलं आहे. शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याला रिझर्व्ह बँक परकीय चलन कायद्यापुरतं अनिवासी मानते, म्हणजे सोलापुरातलं तिचं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयांतलं खातं, करून घ्यायला हवं. त्या शाखेतून सांगितलं गेलंय की सही करायला समक्ष या. तिने लेखी विचारलं आहे, समक्ष येणं कुठल्या नियमाने लागतं ते.